हवेतले बत्तीस सेकंद

औशात विमानाचा विषय निघाला की गप्पा फिरून निलंग्यावर येतात. २५ मे २०१७ रोजी तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं दोन इंजिनांचं सिकॉर्स्की हेलिकॉप्टर निलंग्याहून उडालं आणि काही क्षणांतच तारांत अडकून खाली आलं. आतले सगळे वाचले. त्यांतले एक, तेव्हा मुख्यमंत्र्यांचे स्वीय सहायक असलेले अभिमन्यू पवार, २०१९ पासून औशाचे आमदार आहेत. त्यामुळे यंत्र जमिनीवरून सुटल्यानंतरची पहिली काही सेकंद किती नाजूक असतात, हे आमच्याकडे फार समजावून सांगावं लागत नाही.

इथे मांडलेला घटनाक्रम मात्र अहमदाबादचा आहे, १२ जून २०२५चा. एअर इंडियाचं १७१ क्रमांकाचं विमान लंडनला निघालं होतं आणि उडताच कोसळलं. सांगोला तालुक्यातलं एक वृद्ध जोडपं लेकाला भेटायला त्यातून चाललं होतं. केबिन क्रूमध्ये डोंबिवली, बदलापूर, पनवेलजवळचं न्हावा इथली मुलंमुली होती. अपघातानंतर महिन्याभरात विमान अपघात तपास ब्युरोने पंधरा पानांचा प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला. टीव्हीवर रात्र-रात्र चर्चा झाल्या, पण ती पंधरा पानं शेवटपर्यंत वाचलेला माणूस मला त्यांत क्वचितच दिसला. अहवालातल्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत आहेत. इथे त्या भारतीय वेळेत घेतल्या आहेत, आणि ‘उरले’ म्हणजे विमान कोसळेपर्यंत उरलेला वेळ.

सकाळी ११:१७. उरले २ तास २२ मिनिटं

व्हीटी-एएनबी हे बोइंग ७८७-८ दिल्लीहून आलं आणि ३४ क्रमांकाच्या बेवर उभं राहिलं. ते घेऊन आलेल्या वैमानिकांनी तांत्रिक नोंदवहीत लिहिलं की, शेपटीकडच्या स्टॅबिलायझरची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरबाबत एक संदेश येतो आहे. ड्यूटीवरच्या अभियंत्याने तपासणी केली आणि १२:१० वाजता विमान पुढच्या उड्डाणाला मोकळं केलं. पुढे काही दिवस या नोंदीचा बराच गवगवा झाला. पण हा सेन्सर आणि इंजिनांचं इंधन यांचा संबंध अहवालाने कुठेही जोडलेला नाही.

सकाळी ११:५५. उरले १ तास ४४ मिनिटं

दोन्ही वैमानिकांची श्वासचाचणी झाली. दोघंही उड्डाणाला योग्य ठरले. दोघंही मुंबईचे, आदल्या दिवशीच अहमदाबादला पोचलेले, पुरेशी विश्रांती झालेले. कॅप्टन ५६ वर्षांचे, एकूण १५,६३८ तासांचा अनुभव, त्यातले ८,५९६ तास याच प्रकारच्या विमानावर. को-पायलट ३२ वर्षांचे, ३,४०३ तास. या फेरीत विमान प्रत्यक्ष उडवण्याचं काम को-पायलटकडे होतं आणि कॅप्टन लक्ष ठेवणार होते. ही वाटणी रोजचीच असते, तिच्यात वावगं काही नाही.

१२:३५ला क्रू बोर्डिंग गेटवर दिसतो. प्रवासी २३०, वैमानिक दोन, केबिन क्रू दहा.

दुपारी १:१८:३८. उरली २० मिनिटं ३३ सेकंद

सुटायची वेळ १:१० होती. आठ-नऊ मिनिटांच्या उशिराने विमान बेवरून हललं. टाक्यांत ५४,२०० किलो इंधन, एकूण वजन २,१३,४०१ किलो. कमाल परवानगी २,१८,१८३ किलोची, म्हणजे वजन मर्यादेत होतं. बाहेर तापमान ३७ अंश. उन्हाने हवा विरळ होते, तशी इंजिनांची ओढ आणि पंखांची उचल दोन्ही कमी पडतात. पण ते सगळं हिशेबात धरूनच उड्डाणाचे आकडे काढलेले असतात.

ते तीन आकडे कळले तर पुढचं सगळं कळेल, म्हणून इथे जरा थांबू.

पहिला व्ही-वन, निर्णयाचा वेग. त्या दिवशी तो १५३ नॉट होता, ताशी साधारण २८३ किलोमीटर. या वेगाच्या आत इंजिन गेलं तर ब्रेक मारून धावपट्टीवरच थांबायचं. तो ओलांडल्यावर इंजिन गेलं तर थांबायचं नाही, कारण पुरेशी धावपट्टी उरलेली नसते. उरलेल्या इंजिनावर वर जायचं. दुसरा आकडा नाक उचलण्याच्या वेगाचा, १५५ नॉट. तिसरा व्ही-टू, १६२ नॉट: एका इंजिनावर सुरक्षित चढता येईल असा किमान वेग.

दोन इंजिनांचं प्रवासी विमान प्रमाणित होतं तेच मुळी या अटीवर. ऐन व्ही-वनला एक इंजिन बंद पडलं तरी ते धावपट्टीच्या टोकाशी ३५ फूट उंची गाठेल आणि चाकं आत घेतल्यावर दर शंभर मीटर पुढे जाताना किमान २.४ मीटर वर चढेल, हे निर्मात्याला दाखवून द्यावं लागतं. २.४ मीटर म्हणजे फार नाही. पण झाडं, घरं, तारा ओलांडण्याचा हिशेब त्यावरच बसवलेला असतो.

वैमानिकाच्या हातापायांचं कामही ठरलेलं असतं. एक इंजिन गेलं की दुसऱ्याची ओढ विमानाला फिरवते. जोडीतला एक बैल बसला की गाडी त्याच्याच अंगावर वळते, तसं विमानाचं नाक मेलेल्या इंजिनाकडे वळतं. मग चालू इंजिनाच्या बाजूचं रडर-पेडल दाबून ते सरळ ठेवायचं. ७८७ मध्ये संगणक यात बरीच मदत करतो. वेग व्ही-टूच्या खाली जाऊ द्यायचा नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे सुमारे चारशे फूट उंची येईपर्यंत दुसरं काही करायचं नाही. कोणतं इंजिन गेलं, का गेलं, ते नंतर पाहायचं. मग एकाने थ्रॉटलवर हात ठेवून विचारायचं, हेच ना? दुसऱ्याने पाहून हो म्हणायचं. त्यानंतरच इंधनाच्या स्विचला हात लावायचा, तोही पुन्हा खात्री करून.

या संथपणाचं कारण तैवानमध्ये सापडतं. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी ट्रान्सएशियाचं एटीआर-७२ विमान तैपेईहून उडालं आणि मिनिटभराच्या आत त्याच्या उजव्या इंजिनाची ओढ गेली. डावं ठणठणीत होतं. तेवढ्यावर विमान सुखरूप परत आलं असतं. कॅप्टनने घाईत डावंच बंद केलं. ५८ पैकी ४३ जण गेले. बिघाड एका इंजिनाचा होता. दुसरं माणसाच्या हाताने गेलं. म्हणून सिम्युलेटरमध्ये दर सहा महिन्यांनी व्ही-वनला इंजिन बंद पाडून वैमानिकाला घामाघूम करतात, त्यात कौशल्य तपासायचं असतंच. पण मला वाटतं, हात आवरता येतो की नाही, हे तिथे जास्त तपासलं जातं.

दुपारी १:३७:३३. उरले ९८ सेकंद

१:३३:४५ला विमानाला २३ क्रमांकाच्या धावपट्टीवर रांगेत उभं राहायला सांगितलं होतं. आता टॉवरने उड्डाणाची परवानगी दिली. चार सेकंदांनी धाव सुरू झाली.

अहमदाबादची धावपट्टी साडेतीन किलोमीटरची. विमानाने उड्डाण उशिरा केलं, अशी एक आवई पहिल्याच दिवशी उठली होती. मराठवाड्याला उशिरा उचललेलं विमान चांगलं माहीत आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ चिकलठाण्याहून मुंबईला निघालं. ते धावपट्टीच्या अगदी टोकाशी हवेत उठलं आणि पलीकडच्या रस्त्यावरून कापसाच्या गाठी घेऊन चाललेल्या ट्रकवर आदळलं. डाव्या बाजूची चाकं आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग जमिनीपासून जेमतेम सात फुटांवर ट्रकला धडकला. तीनेक किलोमीटर पुढे उच्चदाबाच्या तारा आडव्या आल्या. ११८ पैकी ५५ माणसं गेली. चौकशीत दोन कारणं निघाली: वैमानिकांनी नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं, आणि विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक अडवण्याची जबाबदारी विमानतळ प्राधिकरणाने पार पाडली नाही. दुसरं कारण मला आजही जास्त अस्वस्थ करतं. त्याला कौशल्य लागत नव्हतं, एक फाटक आणि एक माणूस पुरला असता.

अहमदाबादला असं काही घडलं नाही. नोंदी स्वच्छ आहेत. १:३८:३३ला व्ही-वन, १:३८:३५ला नाक उचलण्याचा वेग. १:३८:३९ला चाकांनी जमीन सोडली. फ्लॅप ठरल्याप्रमाणे पाच अंशांवर. विमानाच्या मार्गात पक्ष्यांची लक्षणीय हालचाल नाही. तोवर सारं पुस्तकात लिहिल्यासारखं चाललं होतं.

दुपारी १:३८:४२. उरले २९ सेकंद

विमानाने १८० नॉट वेग गाठला. हा त्याचा सर्वाधिक वेग. लगेच इंजिन क्रमांक एकचा इंधनाचा स्विच ‘रन’वरून ‘कटऑफ’वर गेला. एका सेकंदाच्या अंतराने इंजिन क्रमांक दोनचाही.

हे दोन स्विच थ्रॉटलच्या खाली, दोन्ही वैमानिकांच्या मधोमध असतात. दोन्ही बाजूंनी त्यांना धातूचं संरक्षण असतं. चुकून कोपर लागून ते हलू नयेत म्हणून रचनाच अशी की, आधी स्प्रिंगच्या विरोधात वर ओढायचं, खाचेतून काढायचं आणि मग खाली न्यायचं. रोजच्या वापरात विमान बेवर उभं राहिल्यावर इंजिनं बंद करायला ते वापरतात. हवेत ते हलवायची पाळी आग लागली, इंजिन निकामी झालं किंवा दोन्ही बंद पडून पुन्हा पेटवायची असली तरच येते.

कॉकपिटमधल्या आवाजाच्या नोंदीत एक वैमानिक दुसऱ्याला विचारताना ऐकू येतो की, तू इंधन का तोडलंस? दुसरा म्हणतो, मी तोडलं नाही.

अहवालात या संभाषणाचं एवढंच आहे. तेही मूळ शब्दांत नाही, सारांशाने. विचारणारा कोण आणि उत्तर देणारा कोण, हेही सांगितलेलं नाही. माझ्या मते तपास ब्युरोची ही मोठी चूक झाली. एक तर संपूर्ण नोंद यायला हवी होती, नाही तर अंतिम अहवालापर्यंत एकही शब्द नको होता. अर्धवट वाक्य बाहेर आलं आणि त्याच संध्याकाळपासून मेलेल्या माणसांवर खटला चालू झाला. परदेशी वर्तमानपत्रांत नाव-गाव घेऊन, आपल्याकडे व्हॉट्सॲपवर. स्विच जागेवरून गेले, एवढं विमानाच्या नोंदयंत्राने टिपलं. ते कुणी आणि कसे नेले, किंवा ते हाताशिवायच गेले का, हे त्या पंधरा पानांत नाही.

यंत्राच्या बाजूचा एक धागा अहवालात जरूर आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १७ डिसेंबर २०१८ रोजी एक सूचनापत्रक काढलं होतं. काही बोइंग विमानांत या स्विचची अडकवणारी खाच निकामी अवस्थेत बसवलेली आढळली होती. पत्रक सल्ल्याच्या स्वरूपाचं होतं, बंधनकारक नव्हतं, म्हणून एअर इंडियाने तशी तपासणी केली नव्हती. ज्या भागात हे स्विच असतात तो थ्रॉटलचा संच या विमानात २०१९ आणि २०२३ मध्ये बदलला होता, पण स्विचच्या तक्रारीमुळे नव्हे. अपघातानंतर जुलैमध्ये एअर इंडियाने आपल्या सगळ्या ७८७ विमानांचे स्विच तपासले. दोष निघाला नाही. म्हणजे यंत्राला दोष देणाऱ्यांकडेही अजून पुरावा नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हणायला हवं.

दुपारी १:३८:४७. उरले २४ सेकंद

दोन्ही इंजिनांचे फेरे किमान पातळीच्या खाली घसरले. विमानाच्या पोटातून एक छोटी पवनचक्की बाहेर आली होती. ‘रॅम एअर टर्बाइन’ तिचं नाव, वैमानिक तिला ‘रॅट’ म्हणतात. दोन्ही इंजिनं जातात तेव्हा हा पंखा समोरून येणाऱ्या वाऱ्यावर फिरून हायड्रॉलिकला दाब आणि गरजेपुरती वीज देतो, म्हणजे निदान सुकाणू हातात राहतं. विमानतळाच्या कॅमेऱ्यात ती उड्डाणानंतर लगेच दिसते. विमानतळाची भिंत ओलांडण्याआधीच विमान उंची गमावू लागलं होतं.

उंची होतीच किती? विमानाने आपोआप प्रसारित केलेल्या शेवटच्या संकेतांत ६२५ फूट दिसतात, आणि धावपट्टीच समुद्रसपाटीपासून दोनशे फुटांच्या आसपास आहे. ज्या चारशे फुटांपर्यंत काहीही करू नका असं शिकवतात, तिथे पोचण्याआधीच इंधन तुटलं होतं. आयुष्यभर घोटून घेतलेली कवायत इथे लागू पडत नव्हती. रडर कुठल्या बाजूचं दाबायचं? दोन्ही बाजूंना ओढ नाही. व्ही-टू राखायचा कसा? नाक खाली घातलं तर वेग राहील, पण खाली वस्ती आहे.

दुपारी १:३८:५२. उरले १९ सेकंद

इंजिन एकचा स्विच ‘कटऑफ’वरून परत ‘रन’वर आला. दोन सेकंदांनी शेपटीतल्या सहायक इंजिनाची झडप उघडू लागली. १:३८:५६ला इंजिन दोनचा स्विचही ‘रन’वर आला. म्हणजे पहिल्या इंजिनाचं इंधन दहा सेकंद तुटलेलं होतं आणि दुसऱ्याचं तेराएक सेकंद.

दहा सेकंद फार वाटतात. घरात खुर्चीवर बसून घड्याळ लावलं तर वाटतीलच. पण त्यात एवढं सगळं आहे: ओढ गेल्याचं अंगाला जाणवणं, पडद्यावरचे इशारे वाचणं, स्विचकडे नजर जाणं, प्रश्न, उत्तर, आणि मग हात. कुणीही असो, त्या कॉकपिटमधल्या कुणीतरी विमान वाचवायचा प्रयत्न केला, हे या नोंदींवरून दिसतं.

पुढचं काम संगणकाचं. इंधन परत मिळालं की तो स्वतःच ठिणगी देतो, इंधन सोडतो, ज्योत धरली का ते पाहतो. दोन्ही इंजिनांत तापमान वाढलं, म्हणजे ज्योत दोन्हीकडे धरली. इंजिन एकचे घसरते फेरे थांबले आणि ते पुन्हा वाढू लागले. इंजिन दोन पेटलं, पण त्याचे फेरे घसरतच राहिले. संगणक त्यात पुन्हा पुन्हा इंधन सोडत होता. मात्र जवळपास थांबत आलेल्या एवढ्या मोठ्या जेट इंजिनाला पूर्ण ताकदीवर यायला वेळ लागतो आणि त्याच्यावर घाई करता येत नाही.

न्यू यॉर्कच्या हडसन नदीची आठवण लोक काढतात. १५ जानेवारी २००९ रोजी यूएस एअरवेजच्या विमानाची दोन्ही इंजिनं पक्षी शिरून गेली, कॅप्टनने विमान नदीत उतरवलं आणि १५५च्या १५५ माणसं वाचली. कौशल्य थोर, यात वादच नाही. पण तिथे इंजिनं गेली तेव्हा विमान २,८०० फुटांवर होतं आणि पाण्याला टेकेपर्यंत २०८ सेकंद मिळाले. तेवढ्यात परत फिरायचं का, दुसरा विमानतळ गाठता येईल का, याचा विचार झाला, तो रद्द झाला, नदी निवडली गेली. अहमदाबादला २९ सेकंद होते आणि समोर मेघाणीनगरची इमारतींनी गच्च भरलेली वस्ती.

दुपारी १:३९:०५. उरले ६ सेकंद

‘मेडे, मेडे, मेडे.’ टॉवरने विमानाला उलट विचारलं, उत्तर आलं नाही. नियंत्रकाला विमान कुंपणापलीकडे कोसळताना दिसलं.

दुपारी १:३९:११

नोंद थांबली. विमान आधी लष्कराच्या वैद्यकीय आवारातल्या झाडांना आणि एका धुराड्याला लागलं, मग बी. जे. मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहाच्या इमारतींवर आदळलं. धावपट्टीच्या टोकापासून हे अंतर दीड-पावणेदोन किलोमीटर. मेसमध्ये विद्यार्थी जेवायला बसले होते. चाकं जमिनीवरून सुटून ३२ सेकंद झाले होते.

दुपारी १:४४:४४

विमानतळावरून अग्निशमनाची गाडी बाहेर पडली. ५४ टन इंधन घेतलेल्या विमानाच्या आगीत तिला करण्यासारखं फार उरलेलं नव्हतं. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९, असे २६० जण गेले. ११-ए या आसनावरचा एक प्रवासी चालत बाहेर आला.

मलब्यात थ्रॉटलचे दांडे मागे, कमी ताकदीच्या जागी सापडले, आणि त्यावरून पुन्हा तर्क लढवले गेले. नोंदयंत्र सांगतं की आदळेपर्यंत ते पुढे, उड्डाणाच्या ताकदीवरच होते. इंधनाचे दोन्ही स्विच ‘रन’वर मिळाले. चाकं खाली करण्याचा दांडा खालीच होता; ती आत घेण्याइतकीही उसंत मिळाली नव्हती.

कॅप्टनच्या नव्वदी ओलांडलेल्या वडिलांनी स्वतंत्र न्यायालयीन चौकशीसाठी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यायालयाने त्यांना सांगितलं की हे ओझं त्यांनी वाहू नये, त्यांच्या मुलाला कुणी दोषी धरू शकत नाही. प्राथमिक अहवालातही तसं काही नाही, असंही न्यायालयाने नमूद केलं आणि सरकारला नोटीस काढली.